नदीच्या पडद्याचा कारागीर

सुवाच्यबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. लिलावघरात चौतीस वर्षं त्यांनी वस्तूंची कार्डं लिहिली. वस्तू काय, कुठली, किती जुनी, कोणी घडवलेली, हे सगळं तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर बसवायचं. अक्षर इतकं नेटकं, की लोक आधी कार्ड वाचत आणि मग वस्तूकडे बघत. कोणत्याशा साहेबाने एकदा कार्ड उजेडात धरून ‘वा, सुवाच्य’ म्हटलं आणि ते नाव त्यांना जे चिकटलं, ते नोकरी सुटून आठ वर्षं झाली तरी सुटलं नाही. भाजीवाला, टपालवाला, जिन्यात भेटणारे शेजारी, सगळ्यांच्या त्या सुवाच्यबाईच.

घरात त्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. घरात होती एकटी मावशी, आणि तिच्या लेखी बाई अजून ‘पोरी’ होत्या. सासूसासरे गेले, मग यजमान गेले, आणि पुढच्याच वर्षी बाईंनी मावशीला आपल्याकडे आणलं. मावशी शहाऐंशीची. गुडघे संपावर, नजर गेल्यात जमा, जीभ मात्र ठणठणीत. येईल-जाईल त्याला सांगायची, “माझं स्वतःचं असं कोणी नाही हो. पण भाचीने पदरात घेतलं. पोटची पोरगी काय करील, एवढं केलं.” हे वाक्य सुरू झालं, की बाईंना हमखास गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण व्हायची. ऐकणाऱ्याला वाटे, केवढा हा विनय.

रोज अंघोळ झाली की बाई देवासमोर हात जोडून उभ्या राहत. बाकी सगळं मनातल्या मनात, पण शेवटची क्षमा तेवढी तोंडाने मागायची ही त्यांची सवय : कळत-नकळत झालेल्या चुका पोटात घाल. ‘नकळत’ त्या मोकळेपणाने म्हणत. ‘कळत’पाशी आवाज आपोआप खाली यायचा. देवाला खालचा आवाजही ऐकू जातो हे त्यांना ठाऊक होतं. मावशी शेजारच्याच खोलीत असायची, एवढंच.

प्रार्थना झाली की चहा, आणि चहाबरोबर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. बाई सूचना वाचायच्या, मावशी उत्तरं फेकायची, बाई चौकोन भरायच्या. लिलावघराला दीडशे वर्षं झाली म्हणून त्या महिन्यात वर्तमानपत्राने कोड्यांची खास मालिका काढली होती : लिलावाच्या जुन्या रीती, नाटकं, चित्रं, गाजलेल्या वस्तू. लिलावाचं बाईंना माहीत, नाटकाचं मावशीला. मावशीने उभा जन्म नाटक कंपनीचे कपडे शिवण्यात घालवला होता.

“पूर्वी काही ठिकाणी लिलाव कशाच्या जळण्यावर संपे? चार अक्षरं.”

“माणसाच्या,” मावशी म्हणाली. “मोज, चार होतात.”

बाईंनी मोजली. चारच होती. मग हसत हसत मेणबत्ती लिहिली आणि समजावून सांगितलं, की इंचभर मेणबत्ती लावायचे आणि ज्योत विझण्याआधी शेवटची बोली ज्याची, वस्तू त्याची. विझायच्या आधी धूर कसा खाली वळतो हे ज्यांनी ताडलं, त्यांची चंगळ. मावशी म्हणाली, आमच्या कंपनीत पगारही असाच मिळायचा, मालकाचा धूर ओळखून मागायचा. नवऱ्यामागे उरलेलं त्या घरातलं सुख म्हणजे सकाळचा हा तास.

मालिकेच्या दुसऱ्या मंगळवारी बाई उभ्या शब्दांकडे आल्या. पाच झालं, सहा झालं. आणि सातवर नजर पडली.

‘लिलावघराने विकलेल्या व सध्या संग्रहालयात असलेल्या प्रसिद्ध नदीच्या पडद्याचा कारागीर. तीन अक्षरे.’

बाईंनी कप खाली ठेवला. मग आठ उभं वाचलं.

“सात कुठे गेलं?” मावशीने विचारलं. दिसत नव्हतं, म्हणून ती आकडे बोटांवर धरून बसायची.

“छपाई पुसट आहे. काही लागत नाही.”

छपाई अशी स्वच्छ होती, की पलीकडच्या खुर्चीवरूनही लागली असती. बाईंनी तीन चौकोन रिकामे ठेवले आणि कोडं घडी घालून डब्यांमागे सारलं. उत्तर त्यांना माहीतच होतं. अज्ञात. त्यांनीच तर लिहिलं होतं ते, एक्केचाळीस वर्षांपूर्वी, याच अक्षरात.

नोकरीचं तेव्हा दुसरं वर्ष, लग्नाला पाच महिने. मावशीची नाटक कंपनी बंद पडली होती आणि तिचं सगळं सामान लिलावघरात आलं : लाकडी तलवारी, खोटे मुकुट, दाढ्यामिशांच्या पेट्या, आणि गुंडाळलेला एक पडदा. मावशी आधीच दुसऱ्या कंपनीबरोबर लांबच्या गावी निघून गेली होती. चार हमालांनी मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर पडदा उलगडला आणि हातातली कामं टाकून सगळे भोवती जमले. निळ्या, राखाडी, हिरवट कापडाचे हजारो तुकडे एकावर एक शिवून नदी केली होती. दोघांनी टोकं धरून हलवली, तर पाणी खरोखर वाहायला लागलं. एका कोपऱ्यात भोवरा होता, आणि भोवऱ्याच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं निळं कापड.

ते कापड म्हणजे बाईंचा फ्रॉक. आठ वर्षांच्या असताना मावशी सुट्टीला आली होती आणि कोणाला न विचारता तिने तो कातरला होता. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मावशी म्हणाली होती, “अगं, सगळी गावं बघतील असा भोवरा केलाय तुझा.” आईने मग मावशीला जे सुनावलं त्यात फ्रॉकपेक्षा नाटकच जास्त होतं. बिनलग्नाची, कंपनीबरोबर गावोगाव हिंडणारी बहीण. तिचं नाव घरात दार लावून घ्यायचे.

सासरी बाईंनी सांगून ठेवलं होतं, की मावशी परगावी शिवणवर्गात शिकवते. सासरे अगदी शिस्तीचे. खोटं तसं फार नव्हतं, शिवण तर होतीच.

लिलावघराचा नियम असा, की कार्डावर कर्त्याचं नाव घालायचं तर आधार हवा. कागद हवा, नाहीतर पुढे येऊन सांगणारं माणूस हवं. माणूस त्या टेबलाशीच उभं होतं, हातात कोरं कार्ड घेऊन. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना विचारलं, कोणाचं काम असेल हे? गोदामवाला म्हणाला, “कोणाचं असणार, साहेब? नाटकातल्या बाया. फावल्या वेळात शिवण करायच्या आणि बाकीच्या वेळात...” पुढचं त्याने भुवयांनी सांगितलं. खोली हसली. बाईही हसल्या. कोणी बळजबरी केली नव्हती. मोठ्याने हसल्या, जरा जास्तच मोठ्याने, आणि त्या हसण्याच्या आवाजातच त्यांनी कार्डावर लिहिलं, ‘कारागीर : अज्ञात’.

महिन्याभराने मावशीचं पत्र आलं. आमच्या कंपनीचं सामान तुमच्याकडे आलं म्हणतात, त्यात माझा नदीचा पडदा दिसला का गं? बाईंनी उलट टपाली कळवलं, असा पडदा काही आला नाही, जुनं कापड परस्पर चिंध्यांत गेलं असेल. मावशीने पुढच्या पत्रात तळाशी एवढंच लिहिलं : जाऊ दे, चिंध्यांचाच होता.

पडदा एका श्रीमंताने घेतला, त्याने पुढे संग्रहालयाला दिला. मग त्याचे फोटो निघाले, लेख आले. ‘अज्ञात’ हळूहळू मोठा माणूस झाला. एका विद्वानाने लिहिलं, की स्वतःचं नाव मागे न ठेवण्यातच या कारागिराचं मोठेपण आहे. तो लेख बाईंनी जेवताना वाचला आणि ताट पुढे सारलं. नोकरीत असताना तीनदा त्या जुन्या कार्डांच्या कपाटापाशी गेल्या. खण ओढला, कार्ड हातात घेतलं, परत ठेवलं. मोठे साहेब होते तोवर त्यांची भीती, सासरे होते तोवर सासऱ्यांची. दोघेही गेले तेव्हा कळलं, की भीती त्यांची नव्हतीच. आता नाव सांगायचं, तर इतकी वर्षं का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं.

मंगळवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई पीठ चाळायची चाळण परत करायला आल्या. त्याही कोडं सोडवायच्या. येताना हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. दारातूनच म्हणाल्या, “सात उभं आलं का हो तुम्हाला? तुमच्या लिलावघराचंच आहे म्हणून आले.” आणि बाई काही बोलायच्या आत त्यांनी ते खणखणीत वर्गातल्या आवाजात वाचून काढलं.

मावशी खुर्चीत सरळ झाली. “कोणता पडदा म्हणालात?”

मास्तरीणबाईंनी पुन्हा वाचलं.

“संग्रहालयात आहे? म्हणजे तो आहे अजून?” मावशीचे हात मांडीवर काहीतरी चाचपू लागले. “तो मी केला. अकरा महिने लागले. पण माझं नाव चार अक्षरी आहे, ते नाही बसायचं तिथे.”

मास्तरीणबाई आधी हसल्या, मग त्यांनी हसू आवरलं. बाई चाळण हातात घेऊन तशाच उभ्या. मावशी त्यांच्या दिशेने वळली आणि म्हणाली, “तू लिहिलं होतंस, आला नाही म्हणून. तुझी तरी काय चूक? केवढं सामान येत असेल तिथे. तू कुठे कुठे बघणार.” तिने भाचीला माफ करूनही टाकलं होतं, कशाबद्दल ते न कळता. बाईंच्या तोंडून एक ‘हं’ बाहेर पडलं. त्या ‘हं’ची त्यांना पुढे कित्येक दिवस शिसारी वाटत राहिली.

मास्तरीणबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी संध्याकाळच्या आत संग्रहालयाला फोन केला, आणि गुरुवारी अकरा वाजता तिथला नोंदणी अधिकारी येणार असं ठरवूनच वर आल्या. मधले दोन दिवस मावशी वेगळीच बाई झाली. केस धुऊन मागितले. चांगले कपडे काढायला लावले. कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून आलं तेव्हा ते ऐकून म्हणाली, “अज्ञात. कोण हा मेला? माझ्या कामावर बसलाय.” बाईंनी त्या दोन दिवसांत निदान दहा वेळा तोंड उघडलं. एकदा तिचे केस पुसताना, एकदा भात वाढताना. दर वेळी दुसरंच काहीतरी बाहेर पडलं. सकाळच्या प्रार्थनेत तर शेवटचं वाक्यच म्हणवेना. ज्याची क्षमा मागायची ती व्यक्ती पलीकडच्या खोलीत कंगवा शोधत असताना देवाकडे परस्पर वशिला कसला लावायचा?

अधिकारी पस्तिशीचा, सज्जन गृहस्थ होता. बूट दाराबाहेर काढू का म्हणून विचारलं, खुर्चीच्या कडेवर बसला, पिशवीतून छापील अर्ज काढला आणि जुन्या कार्डाची प्रत टेबलावर ठेवली. बाईंनी ते अक्षर दुरूनच ओळखलं. मावशीला प्रश्न विचारायची फार गरज पडली नाही. ती सुरूच झाली. कंपनीच्या मुक्कामात पेट्यांवर बसून शिवलं. कापड विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून सगळ्यांचे जुने कपडे कातरले. “त्या नदीत आमची सगळी कंपनी वाहतेय. नायकाचा लेंगा आहे, खलनायकाचा सदरा आहे, मालकाच्या खिडकीचे पडदे आहेत. मालकाला कधी पत्ता लागला नाही.”

“मालक हयात आहेत का?” अधिकाऱ्याने विचारलं.

“छे. वर गेले. आता लागला असेल.”

तो हसत हसत लिहीत होता. मग म्हणाला, की आजी, पुराव्यासाठी एक विचारतो. भोवऱ्याच्या मध्यभागी पांढऱ्या ठिपक्यांचं निळं कापड आहे. सगळ्या पडद्यात ते एकच नवंकोरं. ते कुठलं, आम्हाला आजवर उलगडलं नाही.

“ते हिचं,” मावशीने दाराकडे हात केला. बाई चहाचा ट्रे घेऊन तिथे उभ्या होत्या. “हिचा फ्रॉक. दोनदाच घातला होता बिचारीने. काय रडली होती.”

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. एवढं तंतोतंत उत्तर कोणी बनवून सांगू शकत नाही, असं तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. “आणि हे कार्ड तुमच्याच हातचं ना? त्या काळातली सगळी तुमचीच आहेत. आमच्याकडे नवीन माणूस आला की आम्ही ती दाखवतो, कार्ड कसं लिहावं म्हणून.”

“म्हणजे ते अज्ञात हिने लिहिलं?” मावशीने विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसती चौकशी होती.

अधिकाऱ्याला आपण काय बोलून बसलो ते उमगलं. तो घाईने म्हणाला, नियमच तसा होता, आधार असल्याशिवाय नाव घालता येत नसे. “आणि लहानपणीचा एखादा फ्रॉक इतक्या वर्षांनी कोणाला ओळखू येतो? तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.”

इतकी सरळ, झाडून काढलेली वाट बाईंना जन्मात कोणी दाखवली नव्हती. नुसती मान हलवली असती, तरी पुरलं असतं. मावशी त्यांच्याकडे तोंड करून बसली होती, ऐकायला डोकं किंचित तिरकं धरून, आणि तिलाही तेच हवं होतं, हे बाईंना दिसत होतं. म्हातारीने होकार आधीच तयार ठेवला होता.

बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. “मला ओळखू आला होता,” त्या म्हणाल्या.

आणि मग सांगितलं. फार वेळ लागला नाही. एक्केचाळीस वर्षं दाबून धरलेली गोष्ट सांगायला चहा निवण्याएवढाही वेळ लागू नये, याचंच त्यांना नवल वाटलं. टेबल सांगितलं, साहेबांचा प्रश्न सांगितला, गोदामवाल्याचं बोलणं सांगितलं, पत्रातलं खोटं सांगितलं. बोलताना त्या भिंतीकडे बघत होत्या.

“तो असं बोलल्यावर बाकीचे हसले?” मावशीने विचारलं.

“हो.”

“तू?”

“मीही हसले, मावशी.”

मावशीने तोंड खिडकीकडे वळवलं, जिथे तिला उजेडाचा एक चौकोन तेवढा दिसत असे. अधिकारी कागदांची टोकं जुळवत बसला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होतं. बाईंना वाटलं, मावशीने ओरडावं, ट्रे उलथवावा, निदान मेली म्हणावं.

शेवटी अधिकारीच बोलला. पुरावा पुरेसा आहे, नाव लागेल, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. एकच रकाना राहिला होता : कर्त्याचं नाव यापूर्वी न नोंदण्याचं कारण. “तो भरलाच पाहिजे असं नाही. सोडून देऊ.”

“सोडू नका,” मावशी खिडकीकडे बघतच म्हणाली. “ही सांगेल.”

बाईंनी ओठ ओले केले. कार्यालयातले सगळे शब्द मदतीला धावून आले. “लिहा, पुराव्याअभावी.”

“तसं नव्हतं ना,” मावशी म्हणाली.

अधिकाऱ्याने पेन उचलून धरलं. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. नोंद करणाऱ्या संबंधित व्यक्तीने...

“कोण व्यक्ती?”

बाईंचे कान तापले. पुठ्ठ्यावर चार ओळींत जगातली कुठलीही वस्तू बसवणाऱ्या त्या बाईला एक वाक्य जुळेना. मग त्यांनी हात पुढे एकमेकांत धरले, शाळेत धडा म्हणायला उभं केलेल्या मुलीसारखे, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

“नोंद लिहिणारी तिची भाची होती. तिला माहीत होतं. तिला मावशीची लाज वाटत होती.”

अधिकाऱ्याने बाईंकडे पाहिलं, मग मावशीकडे. “असंच लिहू?”

“असंच,” मावशी म्हणाली. “आणि लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवा. मला दिसत नाही.”

त्याने लिहिलं. मग वाचलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. परक्या माणसाच्या तोंडून ती तीन वाक्यं त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतली, आणि त्याने सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं तेव्हा खाली वाकून केली.